ब्लॅडर कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये एआर, ईआर असं काही दिसलं तर काय करायचं आणि काय नाही

ब्रेस्ट कॅन्सरमुळे ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह हे शब्द आता बऱ्याच घरांत माहितीचे झालेत. त्यामुळे ब्लॅडरच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी "एआर पॉझिटिव्ह" नाहीतर "ईआर निगेटिव्ह" अशी ओळ दिसली (एआर, ईआर, पीआर हे पेशीतले हॉर्मोन धरणारे रिसेप्टर, सविस्तर खाली) की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मग हॉर्मोनची गोळी कधी चालू करायची? मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, काउंटरवर रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं डॉक्टरांच्या आधी आम्हालाच विचारतात आणि तिथे घाईत दोन वाक्यांत काय सांगणार, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषधाचा निर्णय तुमच्या यूरोलॉजिस्टचा आणि ऑन्कोलॉजिस्टचा, मी फक्त ती ओळ कशी वाचायची तेवढं सांगणार आहे.

घाईत असाल तर उत्तर आत्ताच घ्या: नाही. ब्लॅडरच्या कॅन्सरमध्ये रिसेप्टर बघून हॉर्मोनचं औषध द्यायची पद्धत आज रूढ नाहीये. एआर पॉझिटिव्ह आलं म्हणून वाईट नाही, निगेटिव्ह आलं म्हणून एखादं औषध हातचं गेलं असंही नाही. मग ती टेस्ट करतात कशाला, आणि हॉर्मोनचा या कॅन्सरशी खरंच काही संबंध आहे का, तर आहे, आणि चांगलाच आहे, फक्त तो अजून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोचलेला नाही.

आधी रिपोर्टचा वरचा भाग वाचा

लोक नेमके शेवटच्या ओळीला चिकटतात आणि वरचं सोडून देतात. ब्लॅडरच्या रिपोर्टमध्ये खरी किंमत वरच्या चार गोष्टींना आहे. कॅन्सर कुठल्या प्रकारचा (दहातले नऊ यूरोथेलियल असतात, म्हणजे ब्लॅडरच्या आतल्या अस्तराचे), लो ग्रेड की हाय ग्रेड (लो म्हणजे सावकाश वाढणारा, हाय म्हणजे आक्रमक), किती खोल गेलाय, आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यांमध्ये ब्लॅडरचा स्नायू आलाय की नाही. टीए म्हणजे अस्तरातच, टी१ म्हणजे अस्तराच्या खालच्या थरात, टी२ म्हणजे स्नायूत शिरला. शिवाय सीआयएस असं लिहिलेलं असेल तर तो सपाट पण हाय ग्रेड प्रकार, त्याकडे दुर्लक्ष नको. पहिल्यांदा निदान होताना साधारण चारातले तीन पेशंट स्नायूत न शिरलेल्या गटात असतात आणि दोन्ही गटांची ट्रीटमेंट अगदी वेगळी आहे. एकीकडे दुर्बिणीतून काढणं आणि ब्लॅडरमध्ये बीसीजी किंवा केमोचं औषध सोडणं, दुसरीकडे केमो, मग ब्लॅडर काढायचं ऑपरेशन नाहीतर रेडिएशन.

म्हणून "मस्क्युलॅरिस प्रोप्रिया" हे शब्द शोधा, म्हणजे तोच ब्लॅडरचा स्नायू. ते नमुन्यात आहे असं लिहिलंय का, आणि त्यात कॅन्सर आहे की नाही, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. टी१ आहे आणि स्नायू आलेलाच नाही असं लिहिलं असेल तर डॉक्टर बहुतेक २ ते ६ आठवड्यांत परत एकदा दुर्बीण घालून तुकडे घेतात. परत कशाला म्हणून वैतागू नका, ते दुसऱ्यांदा घेतलेले तुकडे पुढची सगळी दिशा ठरवतात. तुमच्या रिपोर्टमध्ये एआर किती टक्के आहे याने त्यात तसूभर फरक पडत नाही.

आता ती रिसेप्टरची ओळ

हॉर्मोन रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आतलं एक प्रोटीन. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन हे हॉर्मोन रक्तातून अख्ख्या अंगभर फिरतात, आकाशवाणी जशी सगळीकडे लागलेली असते तसं, पण ऐकू येतं फक्त ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याला. एआर म्हणजे अँड्रोजन रिसेप्टर, टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणाऱ्या डीएचटीचा. ईआर इस्ट्रोजेनचा, त्याचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा. पीआर प्रोजेस्टेरॉनचा, त्याच्याबद्दल ब्लॅडरमध्ये सांगण्यासारखं फार काही नाही. हॉर्मोन येऊन चिकटला की हा रिसेप्टर पेशीच्या केंद्रात जातो, डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि कुठले जीन चालू ठेवायचे, कुठले बंद, हे ठरवतो.

लॅबमध्ये आम्ही तुकडे ज्यात बसवलेले असतात त्या मेणाच्या ब्लॉकमधून पातळ काप घेतो, त्यावर त्या रिसेप्टरला धरणारी अँटीबॉडी सोडतो आणि रिसेप्टर असेल तिथे पेशीचं केंद्र तपकिरी दिसतं, नसेल तर निळंच राहतं. याला आयएचसी म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट मॅडम किती टक्के केंद्रं तपकिरी आणि रंग फिका की गडद एवढं बघून लिहितात. ब्रेस्टमध्ये १ टक्का पेशी जरी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरायचं असा पक्का नियम आहे, त्याच्यामागे हजारो पेशंटचा अनुभव आहे की अशांना गोळीचा फायदा होतो. ब्लॅडरमध्ये असा सर्वमान्य आकडा नाहीच. एका रिसर्चमध्ये १० टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह, दुसऱ्यात १, तिसऱ्यात टक्के गुणिले रंगाची तीव्रता असा स्कोअर, त्यामुळे एआर पॉझिटिव्ह पेशंट किती याचे आकडे एका पेपरमध्ये निम्म्याहून जास्त तर दुसऱ्यात अगदीच थोडे. दोन लॅबचे रिपोर्ट समोरासमोर ठेवून इथे ३० कसे आणि तिथे ५ कसे म्हणून भांडण्यात अर्थ नाही. त्यात परत दुर्बिणीतून करंट लावून कापलेले तुकडे कडेला जळलेले असतात, तिथे रंग धड येत नाही, हे आमच्या रोजच्या कामातलं दुखणं आहे.

मग ही टेस्ट करतात का? बहुतेक वेळा ट्रीटमेंटसाठी नाही, कॅन्सर मुळात कुठून आलाय ते ओळखण्यासाठी. समजा सत्तरीच्या आजोबांच्या ब्लॅडरच्या तोंडाशी हाय ग्रेड गाठ आहे, ती ब्लॅडरची की खालून वर आलेली प्रोस्टेटची? नुसत्या स्लाइडवरून कधीकधी कळत नाही आणि दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी. अशा वेळी पीएसए आणि एनकेएक्स ३.१ प्रोस्टेटसाठी, गाटा-३, पी६३, यूरोप्लाकिन ब्लॅडरसाठी असा मार्करचा (पेशी कुठल्या अवयवाची ते सुचवणाऱ्या प्रोटीनचा) पूर्ण संच लावतात. इथे एकटा एआर पॉझिटिव्ह आला म्हणजे प्रोस्टेटच, असं होत नाही कारण ब्लॅडरच्या कॅन्सरमध्येही एआर असू शकतो.

बायकांमध्ये दुसरा घोळ होतो. आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल आणि आता ब्लॅडरमध्ये किंवा दुसरीकडे कुठे गाठ आली तर ही नवी की जुन्याचीच पसरलेली, हा प्रश्न येतो, आणि गाटा-३ दोन्हीकडे पॉझिटिव्ह येतो, म्हणून ईआर आणि बाकीचे मार्कर लावावे लागतात. तेव्हा रिपोर्टमध्ये ईआर दिसलं की आधी विचारा, "ही टेस्ट कशासाठी लावली होती?" निम्मा गोंधळ इथेच मिटतो. आणि आधीचा कुठलाही कॅन्सर असेल तर बायोप्सीच्या फॉर्मवर तो लिहिलाय ना हे बघा, जुना रिपोर्ट असेल तर झेरॉक्स जोडा. वीस वर्षांपूर्वीचं आता काय सांगायचं म्हणून लोक गप्प बसतात आणि मग आम्ही इकडे अंदाज बांधत बसतो.

अजून एक, हर-२ हा हॉर्मोन रिसेप्टर नाही. ब्रेस्टच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-२ एका रांगेत येतात म्हणून लोक तिघांना भाऊ समजतात. हर-२ पेशीच्या बाहेरच्या भिंतीवरचा वाढीचा रिसेप्टर आहे, आणि गंमत म्हणजे ब्लॅडरमध्ये आज कामाचा तोच जास्त आहे, त्यावर खाली येते.

पुरुषांनाच जास्त का होतो, म्हणजेच एआरची गोष्ट

ब्लॅडर कॅन्सर जगभर पुरुषांमध्ये बायकांच्या तीन-चार पट आहे. पटकन उत्तर येतं, बिडी-सिगरेट. बरोबरच आहे, या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे, आणि रंगाच्या कारखान्यातली केमिकल हे दुसरं, लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा आजार जास्त असल्याचं मांडलं होतं. पण स्मोकिंग आणि नोकरी हिशोबातून वजा केली तरी फरक उरतोच. तिथे हॉर्मोनवर संशय गेला.

यातला सगळ्यात बोलका प्रयोग २००७ चा, उंदरांवरचा, मियामोतो आणि सहकाऱ्यांचा. बीबीएन नावाचं केमिकल पाजून ब्लॅडरचा कॅन्सर घडवतात, त्यात साध्या नरांपैकी ९२ टक्क्यांहून जास्त आणि माद्यांपैकी ४२ टक्क्यांना कॅन्सर झाला. ज्यांचा एआरच जीनमधून काढून टाकला होता त्यांच्यात नर असो की मादी, एकालाही नाही. आणि ज्या नरांचं खच्चीकरण केलं होतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन जवळपास गेलं पण रिसेप्टर शाबूत, त्यांच्यात ५० टक्के. मला यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो, हॉर्मोन काढून निम्मंच काम झालं, रिसेप्टर काढल्यावर पूर्ण. म्हणजे नुसतं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजून काही कळणार नाही. (ती टेस्ट लगेच स्वतःहून करून घेणारे असतात, म्हणून सांगितलं.)

धूर आणि हॉर्मोन यांचा धागाही जुळतो. तंबाखूच्या धुरातले अ‍ॅरोमॅटिक अमाइन हे विष लघवीतून बाहेर जाताना ब्लॅडरच्या अस्तराला लागतं, आणि अस्तराच्या पेशींमध्ये ते निष्प्रभ करणारी यूजीटी नावाची एन्झाइम असतात. अँड्रोजनचा सिग्नल ही एन्झाइम कमी करतो असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या कामात दिसलंय. थोडक्यात तेवढाच धूर असला तरी पुरुषाच्या ब्लॅडरला त्याच्याशी लढायचं सामान कमी पडत असावं. "असावं" मुद्दाम म्हणतेय, उंदराचं ब्लॅडर आणि माणसाचं ब्लॅडर यात अंतर आहे.

पुढे गोष्ट अजून गुंतते. माणसांच्या गाठी बघितल्या तर बऱ्याच अभ्यासांत एआर सुरुवातीच्या, वरवरच्या गाठींमध्ये जास्त आणि खोल शिरलेल्या गाठींमध्ये कमी दिसतो, म्हणजे "एआर जास्त तितका कॅन्सर वाईट" असं सरळ गणित नाहीच. आणि २०२२ मध्ये असं दाखवलं गेलं की अँड्रोजनचा परिणाम कॅन्सरच्या पेशीवरच होतो असं नाही, कॅन्सरशी लढणाऱ्या टी पेशींवरही होतो, त्या लवकर थकतात. मग गाठीत एआर शून्य टक्के आला तरी त्या पेशंटच्या टी पेशींमध्ये तो आपलं काम करत असू शकतो, आणि ते तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. वर २०२३ मध्ये नेचरमध्ये आलं की काही पुरुषांच्या गाठींमधून वाय क्रोमोसोमच हरवलेला असतो, अशा गाठी प्रतिकारशक्तीला जास्त चुकवतात, मात्र इम्युनोथेरपीला त्याच चांगला प्रतिसाद देतात. हॉर्मोनशिवायही पुरुष-बाई फरकाला कारणं आहेत एवढं यातून घ्या. रिपोर्टमधल्या टक्क्यांवरून झोप उडवून घेऊ नका असं मी म्हणते ते यामुळे.

ईआरचं वाचताना जरा जपून

अल्फा आणि बीटा उलट्या दिशेने ओढतात असं उंदरांत दिसतं. अल्फा काढला तर कॅन्सर वाढतो, म्हणजे अल्फा राखण करतो, आणि बीटा काढला तर कमी होतो. माणसांमध्ये ब्लॅडरच्या अस्तरात बीटाच जास्त असतो असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, २००६ च्या एका अभ्यासात २२४ गाठींपैकी १४१ मध्ये बीटा सापडला आणि खोल शिरलेल्या गाठींमध्ये जास्त सापडला.

पण २०१७ मध्ये एका स्वीडिश गटाने बीटा शोधायला वापरतात त्या १३ अँटीबॉडी नीट तपासल्या आणि त्यातली फक्त एक खात्रीने बीटाला धरते असं निघालं. बाकीच्या भलत्याच प्रोटीनला चिकटत होत्या किंवा बीटाला धरतच नव्हत्या. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटतो, कारण रंग छान आला, तपकिरी दिसला, म्हणजे बरोबर माणूस पकडला असं नाही. त्यामुळे ईआर बीटावरचा जुना कुठलाही पेपर नातेवाईकांच्या ग्रुपवर आला तर आधी अँटीबॉडी कुठली वापरली ते बघायचं, आणि बघता येत नसेल तर सोडून द्यायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये नुसतं "ईआर" लिहिलं असेल तर तो बहुतेक अल्फाच असतो, नेहमीच्या लॅबमध्ये ब्रेस्टसाठी तीच अँटीबॉडी ठेवलेली असते.

मोठ्या सेंटरच्या रिपोर्टमध्ये कधी "ल्युमिनल" आणि "बेसल" हे शब्द येतात. ब्रेस्टसारखीच नावं आहेत आणि साम्यही थोडं खरं आहे, ल्युमिनल गाठींमध्ये गाटा-३ वगैरे जास्त असतात. स्नायूत शिरलेल्या ब्लॅडर कॅन्सरचे असे सहा गट मानतात, त्यातला बेसल-स्क्वेमस सगळ्यात मोठा, साधारण ३५ टक्के. पण ब्रेस्टमध्ये ल्युमिनल म्हणजे हॉर्मोनची गोळी, ते इथे लावू नका.

गोळी चालू करू का, याचं सविस्तर उत्तर

अँड्रोजन अडवणारी एन्झाल्युटामाइड, बिकाल्युटामाइड ही प्रोस्टेटची औषधं ब्लॅडरमध्ये वापरून बघावीत हा विचार जुना आहे. प्रोस्टेट आणि ब्लॅडर दोन्ही कॅन्सर असलेल्या काही पुरुषांच्या जुन्या नोंदी चाळल्या तर ज्यांना प्रोस्टेटसाठी हॉर्मोन बंद करायची ट्रीटमेंट मिळाली त्यांच्यात ब्लॅडरची गाठ परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्क्रीनिंग ट्रायलच्या आकड्यांमध्ये प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती फिनास्टेराइड घेणाऱ्यांमध्येही ब्लॅडर कॅन्सर कमी आढळला. पण हे सगळं मागे वळून नोंदी बघणं आहे, आणि सगळ्याच नोंदींत तसं दिसलेलं नाही. फिनास्टेराइड घेणारा माणूस यूरोलॉजिस्टकडे नियमित जातो, त्याची तपासणी वेगळी होते, तो सिगरेट सोडतो, अशी दहा कारणं मधे येतात. एन्झाल्युटामाइड केमोबरोबर देऊन बघितल्याची छोटी फेज १ ट्रायल २०२० मध्ये छापून आली, ती मुख्यतः सुरक्षित आहे का हे बघायला होती. नेहमीच्या ट्रीटमेंटच्या गाइडलाइनमध्ये हे अजून नाही.

"नुकसान तर नाही ना, घेऊन बघू" हे मात्र चालणार नाही. एन्झाल्युटामाइड लिव्हरची एन्झाइम वाढवून बाकीच्या बऱ्याच औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं, म्हणजे बीपीची, रक्त पातळ करायची गोळी नीट काम करेनाशी होऊ शकते. टॅमोक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या हॉर्मोनच्या गोळीने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, कॅन्सरमुळे तो आधीच वाढलेला असतो, आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर अजूनच. तिन्ही एकत्र आणि कुणी लक्ष ठेवणारं नाही, नको. इंटरनेटवर "हॉर्मोन बॅलन्स" म्हणून मिळणाऱ्या पुड्या तर त्याहून नको, त्यात काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलंही नसतं.

त्याऐवजी ऑन्कोलॉजिस्टला कशाबद्दल विचारायचं? आजार पसरलेला असेल किंवा ऑपरेशन शक्य नसेल तर एफजीएफआर-३ जीनची टेस्ट, कारण त्याच्यावर एर्डाफिटिनिब आहे, अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये मंजूर झालेलं, ब्लॅडरमधलं पहिलं टार्गेटेड औषध. हर-२ ची आयएचसी, कारण ती ३ प्लस (म्हणजे सगळ्यात गडद) आली तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान कुठल्याही अवयवाच्या गाठीसाठी, आधीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजारात, द्यायला अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये मंजुरी दिली. एन्फॉर्ट्युमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी तर कुठलीच रिसेप्टर टेस्ट न करता देतात, आणि २०२३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये नुसत्या केमोवर सरासरी आयुष्य १६ महिने होतं तिथे या जोडीवर साडेएकतीस आलं. खर्च प्रचंड आहे, हे मान्य. तुमच्या विम्यात, योजनेत काय बसतं, कंपनीची पेशंट मदत योजना आहे का, हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो.

घरातल्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा

हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. पुढच्या भेटीला जाताना पेशंट घेतो त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका.

डायबेटिसची गोळी आधी बघा. पायोग्लिटाझोन हे औषध पीपीएआर-गॅमा नावाच्या रिसेप्टरवर काम करतं, तो हॉर्मोन रिसेप्टरच्याच खानदानातला, आणि या औषधाचा ब्लॅडर कॅन्सरशी संबंध असल्याची शंका आली म्हणून फ्रान्सने २०११ मध्ये ते थांबवलं. आपल्याकडेही सरकारने जून २०१३ मध्ये विक्री बंद केली आणि जुलैच्या शेवटी पाकिटावर इशारा छापायच्या अटीवर परत चालू केली. संबंध किती पक्का यावर अभ्यासांमध्ये एकमत नाही, पण ब्लॅडर कॅन्सर चालू असलेल्या पेशंटने ते घेऊ नये हे औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. आपल्याकडे अडचण अशी की ते बऱ्याचदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असतं, नाव भलतंच, पेशंट म्हणतो "मी साधी शुगरची गोळी घेतो." स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. सापडलं तर गोळी स्वतः बंद करू नका, शुगर उसळेल, त्याच दिवशी डायबेटिसच्या डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या.

प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर तेही सांगा. ही औषधं पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणतात, आणि प्रोस्टेटमुळे होणारं लघवीतलं रक्तही थांबवतात. रक्त थांबलं म्हणजे विषय संपला असं धरून दुर्बिणीची तपासणी टाळणारे काका बरेच असतात. टाळू नका. कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जिममधून मिळालेलं स्टेरॉइड घेत असेल तर लाजेखातर लपवू नका, आयसीयूमध्ये सांगण्यापेक्षा ओपीडीत सांगितलेलं बरं.

बायकांचं वेगळं आहे म्हणून

बायकांमध्ये हा कॅन्सर कमी असतो पण उशिरा सापडतो, आणि त्याला रिसेप्टरपेक्षा आपली सवय जास्त कारणीभूत आहे. लघवीत रक्त आलं की "युरिन इन्फेक्शन" म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स, परत आलं की परत कोर्स, नाहीतर पाळी जाण्याच्या वयात "पाळीचंच असेल." दुखत नसताना लघवीतून रक्त आलं, किंवा कल्चरमध्ये जंतू नसताना येतंय, तर सोनोग्राफी आणि यूरोलॉजिस्ट, एवढं डोक्यात ठेवा. एकदाच आलं आणि थांबलं तरीही.

पाळी लवकर, पंचेचाळिशीच्या आत जाणाऱ्या बायकांमध्ये धोका थोडा जास्त असल्याचं अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि इस्ट्रोजेन राखण करतं या कल्पनेशी ते जुळतंही. पण म्हणून ब्लॅडर कॅन्सर टाळायला कुणी हॉर्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत, तसा पुरावा नाही आणि त्या गोळ्यांचे स्वतःचे धोके आहेत. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी आधीच चालू असतील तर गायनॅक आणि यूरोलॉजिस्ट दोघांना एकमेकांची माहिती द्या, बस.

ब्लॉक, सेकंड ओपिनियन आणि ट्रायल

दुसरीकडे दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. मोठ्या सेंटरमध्ये, मुंबईत टाटाला तर नक्कीच, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागतात आणि स्वतः परत बघतात. ब्लॉक पेशंटच्याच तुकड्यांचे आहेत, लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन लॅबकडून मिळतात, घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी ताडून बघा. आणि कृपा करून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. हर-२ नाहीतर एफजीएफआर-३ करायचं ठरलं तर याच ब्लॉकमधून होतं, परत दुर्बीण घालायची गरज बहुतेक पडत नाही, म्हणून परत मिळालेला ब्लॉक कपाटात नीट ठेवा.

हॉर्मोनचं औषध घ्यायचंच असेल तर सरळ वाट एकच, ट्रायल. आपल्या देशातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी वेबसाइटवर असते, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, सर्च फुकट आहे. तिथे ब्लॅडर आणि यूरोथेलियल दोन्ही शब्द टाकून बघा, एका शब्दावर सगळं येत नाही. भरती चालू आहे की बंद ते बघा, आणि कुठल्या स्टेजच्या पेशंटना घेतात ते वाचा, बरेच जण तिथेच गळतात. "रिसेप्टर पॉझिटिव्ह हवा" अशी अट असेल तर तुमच्या लॅबचा आकडा चालणार नाही, ते त्यांच्या लॅबमध्ये ब्लॉकवर परत टेस्ट करतात, तेव्हा आधीच पैसे भरून एआर करून घेण्यात अर्थ नाही. ट्रायलच्या औषधाचे पैसे घेत नाहीत, कुणी मागितले तर तिथेच थांबा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, दोघांनी वाचा, मधेच ट्रायल सोडली तर नेहमीची ट्रीटमेंट चालू राहणार का हे विचारून घ्या, आणि मग सही करा.